घराण्याचा इतिहास, पान पहिलं

२ जून, सकाळी ७
आजपासून घराण्याचा इतिहास लिहिणार. कल्पेश म्हणाला, पप्पा, आता दुकानात येऊ नका, घरीच काहीतरी करा. उशिरा का होईना, मुलाला बापाची योग्यता कळली. तीनशे पानं. रोज पाच. प्रकाशन संवत्सरीला, मंचरच्या जैन स्थानकात. चार नवी पेनं आणली. नातीने, सिद्धीने, मोबाइलमध्ये रेकॉर्डिंगचं ॲप टाकून दिलं.
पानं: शून्य.

५ जून
फोटोंचं प्रकरण. आमच्या कापडदुकानासमोर काढलेला १९८४ चा फोटो सापडला. बापूजी, म्हणजे माझे वडील, आणि मी. माझ्या उजवीकडची बाजू वाळवीने खाल्ली आहे. माझा उजवा हातही त्यातच गेला. सिद्धी विचारते, दादाजी, वाळवी एवढं सरळ कसं खाते? आजकालच्या मुलांना वाळवी माहीत नाही. त्या बाजूला माझा धाकटा भाऊ पारसमल उभा होता. पुस्तकाच्या दृष्टीने फारसं नुकसान नाही.

११ जून
दुकानाचं प्रकरण डोक्यात तयार. १९९२ साली आजारपणात बापूजींनी राजीखुशीने दुकान माझ्या एकट्याच्या नावावर केलं. सहीच्या दिवशी पारस कापडाचे गठ्ठे घेऊन डोंगरातल्या वाड्यांवर गेला होता, हा योगायोग. परत आला आणि रुसून जुन्नरला निघून गेला.
मी मनात काही ठेवलं नाही. संवत्सरीला आपल्यात एकमेकांची क्षमा मागतात. मी दरवर्षी चारशे छापील कार्डं पाठवतो. त्यात पारसलाही एक. ‘जाणता-अजाणता आपलं मन दुखावलं असल्यास’ वगैरे. पत्ते दुकानातला सावळाराम घालतो. अशी तेहतीस वर्षं झाली. एवढं मोठं मन हल्ली कुणाचं असतं?
पानं: अर्धं.

२० जून, दुपारी
कळंबला जाऊन धापूभुवाची मुलाखत घेतली. बापूजींची बहीण, वय एक्क्याण्णव. पहिलाच प्रश्न सोपा टाकला: मी दुकान कसं वाढवलं, सांगा. तर म्हणाली, “दुकान पारसनं उभं केलं. डोक्यावर गठुडं घिऊन वाड्या-वस्त्या हिंडला. तू गल्ल्यावर बसून पंखा बगत व्हतास.” पुढे पावणेदोन तास पारसच. वयामुळे विसर पडतो. रेकॉर्डिंग डिलीट केलं.
निघताना म्हणाली, तुझा कल्पेश मात्र लई गुणाचा. दरसाल संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी न चुकता पारसच्या पाया पडायला जातो.

२० जून, संध्याकाळी ६
विश्वासघात. त्या दिवशी कल्पेश दरवर्षी जुन्नरला गाडी सर्व्हिसिंगला न्यायचा. मला वाटायचं, गाडीच धार्मिक आहे. जाब विचारला तर सून नीलम शांतपणे म्हणाली की आम्हीपण जातो. आम्ही म्हणजे ती आणि सिद्धी. आठ वर्षं! माझ्या घरातली माणसं, माझ्या पाठीमागे, माझ्या वतीने माफी मागत होती. मी यांना काय कमी केलं होतं? आज जेवणार नाही.
थोडा भात खाल्ला.

३ ऑगस्ट
मधला काळ पित्तात गेला. आज पत्रांचं प्रकरण. आजवर आलेली सगळी क्षमापनेची कार्डं माळ्यावर एका पोत्यात आहेत. एकही उघडलेलं नाही, कारण सगळ्या कार्डांत तेच असतं. सिद्धीने पोतं ओतलं आणि निवडत बसली. पारसची तेहतीस पत्रं निघाली, सगळी हाताने लिहिलेली. तिने पहिलं मोठ्याने वाचलं.
“भाऊ, छापील कार्ड पोचलं. क्षमा नेमकी कशाबद्दल मागताय तेवढं लिहा, म्हणजे करून टाकतो.”
मग दुसरं वाचलं. तेच. तेहतीसच्या तेहतीस पत्रांत तेच वाक्य. गेल्या वर्षीच्या पत्रात अक्षर थरथरलेलं आहे.
माणसाने फोन करून सरळ विचारावं की नाही? इतकी वर्षं माझ्याच माळ्यावर बसून हा मला प्रश्न विचारत होता. हाही विश्वासघातच.

४ ऑगस्ट
उत्तर लिहायला घेतलं. ‘चि. पारस, कशाबद्दल म्हणशील तर’ इथपर्यंत झालं. पेन खराब निघालं.

१९ ऑगस्ट
चारही पेनं वापरून पाहिली. पेनं चांगली आहेत.

२६ ऑगस्ट, सकाळी
लिहिलं. सही मुद्दाम तू गावात नसताना घेतली. बापूजी तापात होते. त्यांनी विचारलं, पारसला विचारलंस का? मी हो म्हणालो. फोटो मी कापला, दुकानातल्या कात्रीने. वाळवी नव्हती.
लिहिताना रडू आलं. नीलम चहा ठेवून गेली. पान पाकिटात घातलं. पत्ता मला माहीत नव्हता, पाकीट कोरंच ठेवलं.

२८ ऑगस्ट
कल्पेशबरोबर जुन्नरला गेलो. ओझरच्या गणपतीला निघालेल्या गाड्यांनी नारायणगावपर्यंत रस्ता तुंबलेला.
पारस फार वाळला आहे. कानाला मशीन लावतो. त्याच्या भिंतीवर तोच १९८४ चा फोटो आहे, अख्खा. त्यात माझा उजवा हात त्याच्या खांद्यावर आहे. हे मी साफ विसरलो होतो.
चहा झाला. मी पाकीट पुढे केलं. त्याने घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. मी म्हणालो, वाच की. तर म्हणाला, “राहू द्या भाऊ. सगळ्या कार्डांत तेच असतंय.”
यात तेच नाही, एवढंच सांगायचं होतं. तोंड उघडलं नाही. त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला आणि आम्ही निघालो. फार वाईट वाटलं.
प्रकाशन रद्द.
पानं: एक. ते पारसच्या फळीवर आहे.