पेशींची दाटी आणि बाबांचा निळा रंग

३ मार्च, मंगळवार

घोळ! रंग न घातलेल्या प्लेटमध्ये पेशींचा ढीग. एक नाही, सहा.

निरोगी पेशी एकमेकींना टेकल्या की वाढ थांबवतात, एकच सपाट थर करून गप्प बसतात. कर्करोगाच्या वाटेला लागलेल्या एकमेकींच्या डोक्यावर चढतात. हे चढणं निळ्या रंगामुळे होतं, असं दोन वर्षं मी छातीठोकपणे सांगतेय. आणि या सहा ढिगांनी रंगाचा थेंबही पाहिलेला नाही.

शेजारच्या टेबलावरची घड्याळबाई (रोज नऊच्या ठोक्याला हजर, म्हणून हे नाव) म्हणाली, "पिपेट बदललं नसशील, रंगाचा थेंब राहिला असेल त्यात." बदललं होतं. बदललं होतंच.

४ मार्च

झोप उडालीय, ती बाबांमुळे. बाबा कापडाचे रंगारी. चाळीस वर्षं त्याच निळ्यात हात. पहिला निकाल मीच त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितला. दुसऱ्या दिवशी पिंप रिकामं, दुकानाला कुलूप. तेही चाललं असतं. पण माझी छकुली आठ महिन्यांची झाली, आणि आजोबांनी तिला एकदाही उचललेलं नाही. लांबून टाळ्या वाजवतात. नखं केव्हाच स्वच्छ झालीत, तरी म्हणतात, "आत मुरलाय गं तो."

६ मार्च

सापडलं!! निदान वाटतंय तरी.

छकुलीच्या तापात मी दहा दिवस घरी होते. माझी बाटली पेशींनी गच्च भरून तशीच राहिली, आणि या खेपेला रंग न घातलेली प्लेटही मी त्याच बाटलीतून लावली. घड्याळबाईने फक्त खाद्य बदललं, तेही सीरम (पेशी वाढायला लागणारा रक्तातला द्रव) कमी घालून, कारण सीरम संपत आलं होतं. "पेशी विरळ का नाही केल्यास?" "तुझ्या पेशींना हात कोण लावणार बाई? खायला उठतेस."

मग जुन्या वह्या काढल्या. रंग घातलेल्या सगळ्या प्लेट माझ्या बाटलीतल्या. रंगाशिवायच्या सगळ्या तिच्या. ती सोमवार-गुरुवार न चुकता पेशी विरळ करते. मी? मला भरलेली बाटली बघायला आवडते. विरळ करायच्या म्हणजे निम्म्याहून जास्त फेकायच्या — जिवावर येतं. उद्या करू, परवा करू.

दोन वर्षं रंगाची नाही, माझ्या मायेची परीक्षा चालली होती! एकटीच हसत बसले.

७ मार्च

चार गट लावले. माझ्या दाट बाटलीतल्या पेशी, तिच्या विरळ बाटलीतल्या. दोन्हींत निम्म्या प्लेटना रंग, निम्म्यांना नाही. कुठली प्लेट कोणती ते फक्त घड्याळबाईला ठाऊक. चौदा दिवस.

मोठ्या बाईंना सांगितलं. प्रयोगशाळा त्यांची, आणि २५ तारखेला माझ्याच निकालावर त्यांचं भाषण. बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "आत्ता सुचलं हे?" मग म्हणाल्या, "भाषणानंतर सुचलं नाही हे नशीब."

१२ मार्च

काही नाही. दिवसातून चारदा डोकावते. घड्याळबाई इन्क्युबेटरला कुलूप लावणार म्हणतेय.

२१ मार्च, शनिवार

आधी ढीग मोजले, मग खुणा उघडल्या.

विरळ बाटलीतल्या, रंग घातलेल्या — एकही ढीग नाही. रंग न घातलेल्यांतही नाही. दाट बाटलीतल्या, रंग न घातलेल्या — प्रत्येकीत पाच-सहा. रंग घातलेल्यांतही तेवढेच.

दोन वर्षांचं काम पाण्यात, आणि आम्ही दोघी नाचतोय! घड्याळबाईचं घड्याळ मनगटावरून सुटून पडलं. मोठ्या बाईंनी भाषणाचं नाव खोडून वर लिहिलं — दाटी.

संध्याकाळी बाबांकडे गेले. खरं तेवढंच सांगितलं. "प्लेटमधल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, बाबा. रंग निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण मी घेतलेला आळ खोटा होता. माझं चुकलं. रंगात हात घालाल तेव्हा हातमोजे मात्र घालाच."

बाबांनी विचारलं, "म्हणजे तू पेशी नीट सांभाळल्या नाहीस?"

"जास्तच सांभाळल्या."

"आईवर गेलीस."



२३ मार्च

सकाळी बाबा दारात. चपला काढल्या आणि सरळ छकुलीला उचलून घेतलं. पांढऱ्या फ्रॉकवर दोन निळे अंगठे उमटलेत. हातमोज्यांवरून ओरडायचं होतं, राहून गेलं.