काउंटेसबाईंचं फाडलेलं पत्र

१२ ऑक्टो. ५७, ड्युसेलडॉर्फ
पुण्याच्या पेपरचा मजकूर सकाळीच पोस्टात टाकला. चारला खाली काउंटेसबाईंकडे. डोळे पार अधू. त्यांची पत्रं मीच वाचतो, मीच लिहितो. आज भावाला तिसरं. तो इंग्लंडात अर्ल. बहिणीनं जर्मन काउंटशी लग्न केलं म्हणून पहिल्या महायुद्धापासून अबोला. काउंट गेले, पूर्वेकडची जमीन गेली, राहिल्या दोन खोल्या. मागणं एकच: इंग्लंडात माहेरच्या गावी चर्चमागे आईशेजारी पुरावं. "इथे पुरलं तर बोलू कोणाशी? नवरा पोलंडात, मुलगा रशियात."

२९ ऑक्टो.
उत्तर आलं, भावजयीचं. भाऊ गेल्या आठवड्यात वारला. आधी सांगून गेला, एडिथला, म्हणजे आमच्या बाईंना, आईशेजारी जागा द्या. बाईंना वाचून दाखवलं. वाचून झालं आणि हातांनी आपोआप पत्र फाडलं, शेगडीत टाकलं. मृत्यूचं पत्र घरात ठेवायचं नाही, हे वडिलांनी लहानपणी...
"मिस्टर दामले, कसला आवाज झाला?"

३० ऑक्टो.
सुमन : "अहो, आपलं होतं का ते फाडायला? सुतक त्यांना, घाई तुम्हाला!"
राख चाळली. तुकडासुद्धा नाही. बाईंना आपली रीत समजावून सांगितली. म्हणाल्या, "आमच्यात अशी पत्रं रिबीन बांधून जपतात." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. भावजयीकडे नवं पत्र मागितलं.

१८ नोव्हें.
भाच्याचं उत्तर, टाइप केलेलं. आता अर्ल तो. आईला पक्षाघात, वाचा गेली. वडिलांची अशी इच्छा त्याच्या कानावर नाही. मूळ पत्र पाठवा, मग पाहू. वर 'प्रिय आत्या' नाही, नुसतं 'मॅडम'.

२५ नोव्हें.
नोटारकडे, म्हणजे इथल्या नोटरीकडे. वाचलेलं आठवून लिहून द्या, तो म्हणाला, शब्द न् शब्द, गेनाऊ. मग शिक्का मारतो. हायसं वाटलं. वीस वर्षं भाषणं ऐकून छापली, एकदाही खुलासा छापावा लागला नाही.
घरी लिहायला बसलो आणि अडलो. 'आईशेजारी जागा द्या' एवढंच होतं? की पुढे 'शिल्लक असेल तर'? वाचताना शेवटच्या ओळी घाईने उरकल्या. २९ ची नोंद काढली. तिथे मी नेहमीसारखा सारांश लिहिलाय.

१ डिसें.
बाईंचा खोकला वाढला. डॉक्टर जिन्यात माझ्याशी हळू आवाजात बोलले. बाईंना विचारलं, शेवटचं वाक्य आठवतं का?
"भाऊ गेला, यापुढे मी काही ऐकलंच नाही. तुम्ही वाचलंत ना?" मग : "आई डाव्या कुशीवर झोपायची. म्हणजे पाठीमागे जागा असणार."
सुमन : "लिहून टाका हो. कोण उलटून विचारणार आहे?"
उलटून विचारलं तर सांगता येईल असं माझ्याकडे काही नाही. हीच तर पंचाईत.

४ डिसें.
दोन कागद तयार. एकावर 'शिल्लक असेल तर' आहे, एकावर नाही. नोटार उद्या दहाला.
बाईंनी खालून निरोप पाठवला, सही झाली का. सुमन दारात थांबली. "काय सांगू?"
म्हटलं, सांग, होतेय.