शेवटच्या घराचं ताट

॥ श्री ॥
बाजारकुणंग,
ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. मयूरीस,
बाबाचे अ. उ. आ.

पत्र लिहायचं कारन असं की फोनवर मला बोलता येत न्हाई. चढ चढून रेंज धरायची, तू विचारनार बरे आहात का, मी म्हननार बरं हाय, तेवढ्यात आवाज तुटनार. खाली उतरताना मग सगळं आठवतं. परशुराम उद्या कॅसलरॉकला जानार हाय, त्याच्याकडं हा कागद देतो.

भात झोडून झालं. खालचा मळा डुकरांनी खाल्ला, वरचा राखला. परशुरामच्या घरनं तुझी सुशीलाकाकू दुपारची पेज पाठवत्या, न्हाई म्हटलं तरी ऐकत न्हाई. माझी तब्येत ठीक हाय. गुडघा कुरकुरतोय, तो तुझ्या जन्माच्या आधीपासनं कुरकुरतोय.

आता मुद्द्याचं. काल मांडावर, शिगम्याचे ढोल जिथनं निघतात तिथं, बैठक झाली. आपला गावकार महाबळेश्वर म्हनाला, औंदाच्या शिगम्यात ढोल घेऊन सात वाड्या फिरायच्या आनि घरोघरी जे मिळंल ते तुमच्या ट्रस्टाला द्यायचं. तुझी आई अंथरुनाला खिळली तवा तुमच्या नर्सबाईची जीप सहा वेळा ह्या रानात आली, ते गाव इसरलं न्हाई. दुसरी जीप झाली तर ती दर आठवड्याला आपल्या बाजूला येईल, असं तूच मागं बोलली हुतीस.

मी एक लाकडाची पेटी करून घेतली, वर चीर ठेवून. पुढं तुझ्या आईचा फोटो चिकटवला, परशुरामच्या अमोलच्या लग्नातला, ज्यात ती हसू दाबत हाय. पेटी पहिल्या ढोलवाल्याच्या गळ्यात बांधायची असं ठरलं. परशुरामचं म्हननं, एक कोंबडा लावून लॉटरीबी काढावी. कोंबडा त्याचाच हाय, हे सांगायला नकोच.

तुमच्या हापिसाचं काय म्हननं ते कळव. आनि शिगम्याला येनार का तेबी कळव. आईच्या बाराव्यानंतर तू उंबऱ्याला पाय लावला न्हाईस. दीड वरीस होत आलं. मी काय बोलत न्हाई, पन मोजतोय.

बेळगावला येनाऱ्या सागरच्या पिशवीतनं मुडलीचे चार कंद पाठवलेत. उकडून खा, मैत्रिनीलाबी दे. लांब असलीस तरी जीव हितं ठेव.

तुझा बाबा,
उमाजी


बेळगाव,
ता. ११ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
मयूरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, मुडलीही पोचली. मी आणि स्नेहा एका खोलीत राहतो, एकाच ऑफिसात बसतो, आणि चार कंदांवरून आमचं भांडण झालं. तिला वाटून दिले, पण मोठा मीच ठेवला.

बाबा, तुमचं पत्र वाचून मला हसूही आलं आणि घामही फुटला. ट्रस्टसाठी बाहेर पैसे जमवणाऱ्या लोकांना नियम समजावून सांगणं, हेच तर माझं काम. गेल्या आठवड्यात एका मंडळाच्या पोरांना मी कडक आवाजात सांगितलं. आता वडिलांना सांगायची पाळी आली आहे. रागावू नका.

घरोघर फिरून मागता येणार नाही. आमच्या मॅडम म्हणतात की दारात आलेल्याला नाही म्हणणं माणसाला जड जातं, आणि जड झालेलं देणं आपल्याला नको. त्यात तुम्ही ढोल घेऊन जाणार! तर एका जागी थांबा, ज्याला द्यायचं तो येईल. लहान पोरांच्या एकट्याच्या हातात पेटी द्यायची नाही. लॉटरी तर अजिबात नाही, परशुरामकाकांना सांगा की कोंबडा वाचला. जीपसाठी जमवतोय हे सगळ्यांना स्पष्ट सांगायचं. पेटीला मी पाठवते आहे ते सील लावायचं आणि ट्रस्टचं माणूस आल्याशिवाय ते तोडायचं नाही.

आणि आईचा फोटो काढावा लागेल. रुग्णाचा फोटो लावायचा तर घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची लेखी संमती लागते. म्हणजे तुमची आणि माझी. तुमच्यासाठी कागद सोबत जोडला आहे. माझा कागद माझ्या टेबलावर आहे. अजून सही केलेली नाही, का ते विचारू नका.

शिगम्याला येणं जमणार नाही. मार्चमध्ये इथे कामाचा ढीग असतो. पण त्या दिवसांत बसमध्ये कुठे ढोल ऐकू आला की माझा स्टॉप चुकतो, एवढं मात्र खरं. सुशीलाकाकूंना नमस्कार सांगा.

आशीर्वादात मला विसरू नका.

तुमची,
मयूरी


बाजारकुणंग,
ता. २२ मार्च २०२५

चि. मयूरीस,
बाबाचे अ. उ. आ.

तुझं नियमाचं पत्र मी मांडावर मोठ्यानं वाचलं. मग महाबळेश्वर म्हनाला, मांड कवा घरांना बोलावतो व्हय, मांड घराकडं जातो. त्याच्या आज्याच्या आज्यापासनं तसंच चालत आलंय. दोन दिस वाद झाला. शेवटी तो म्हनाला, पोरीनं लिवलंय म्हंजे विचार करून लिवलं असनार, जड झालेलं देनं आपल्यालाबी नको. औंदा मांड जाग्यावर थांबनार.

आमी थांबलो. ढोल वाजवत, न बोलावलेल्या पाव्हण्यासारखे उभे. मला वाटलं, कुनी येत न्हाई आता. आनि मग वरच्या वाडीच्या वाटंनं पारू अज्जी दिसली. काठी टेकत, दिवा आनि ताट पदराखाली झाकून. तीन तास चालली म्हने. दरवर्सी मेळ माझ्या अंगनात येतो, एक डाव मी गेले तर काय बिघडलं, म्हनाली. मला ढोल वाजवता येईना, डोळं भरून आलं. मग वाटा भरल्या. प्रत्येक घरची बाई दिवा-ताट घेऊन आली, मांडाला ओवाळलं, पेटीत पैसे घातले. तांदूळ-नारळ आनले त्याचं तिथंच जेवन केलं. लाडू नावाचा परशुरामचा कोंबडा मधनं मधनं फिरत हुता, जिवंत.

फोटो मी काढला. पन खळ लावून चिकटवलेला, त्याचा पांढरा चौकोन उरला. घासून निघंना. बायका त्या चौकोनाला हात लावून पैसे घालत हुत्या. ह्याला तुमच्या कागदात काय नियम असंल तर तो मला सांगू नको.

आता मन घट्ट करून लिवतो. सात वाड्यांतली सगळी घरं झाली. एकच ऱ्हायलं, आपलं. घरचं ताट घरच्या बाईनं धरायचं, हे तुला ठाव हाय. तुझ्या आईचं पितळी ताट मी आदल्या दिवशी चिंचंनं घासलं, सोन्यासारखं केलं. आनि धरायला कोन न्हाई म्हनून परत फळीवर ठेवलं. मी ढोल वाजवला, माझं घर तेवढं मुकं ऱ्हायलं.

पेटी गावकाराच्या घरी हाय, सील हाय तसं. तूच लिवलंस की ट्रस्टचं मानूस आल्याबिगर तोडायचं न्हाई. तर तू ये. तू ट्रस्टचं मानूस न्हाईस तर कोन हायस? एका दगडात तुझं काम बी होतंय आनि माझं बी.

वाटंकडं डोळं लावून बसलोय, हे खोटं कशाला सांगू.

तुझा बाबा,
उमाजी


बेळगाव,
ता. २ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
मयूरीचा शि. सा. न. वि. वि.

पारू अज्जीचं मी ऑफिसात वाचून दाखवलं. मॅडम चष्मा पुसत बसल्या.

बाबा, मी ट्रस्टचं माणूस म्हणून येऊ शकत नाही. ज्याने पैसे जमवले त्याच्या नात्यातल्या माणसाने पेटी उघडायची नाही, असा नियम आहे. तो माझ्याच हाताने कागदावर टाईप झाला आहे. अक्षय तृतीयेला, म्हणजे ३० एप्रिलला, स्नेहा येईल. गुणाची पोर आहे, तिला आपल्याकडची पेज आवडेल. आपल्या घरचं ताट सुशीलाकाकूंना धरायला सांगा.

हा नियम मला आठवला तेव्हा बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते. पण तुम्ही खरं लिहिता, मग मीही लिहिते. मला घरी यायला भीती वाटते.

त्या शेवटच्या आठवड्यात आई इथे, ट्रस्टच्या रुग्णांच्या घरात होती. सोमवारी तिने माझा हात धरून सांगितलं की मला घरी घेऊन चल, परड्यातली अबोली बघायची आहे. मी म्हटलं, गुरुवारी जाऊ, सलाईन संपू दे. माझी मी शहाणी झाले होते. जीप दारात उभी होती, बाबा. रिकामी. आणि गुरुवारी सकाळी आई गेली. घरी आली ती तशी आली.

दुसऱ्यांच्या आयांना शेवटी आपापल्या घरी पोचवणाऱ्या ट्रस्टात मी काम करते, आणि आपल्या आईला तेवढं देऊ शकले नाही. बाराव्याला तुम्ही माझ्याशी फार बोलला नाहीत. मला वाटलं, तुमच्या मनातही तेच आहे. म्हणून त्या संमतीच्या कागदावर सही होत नाही. फोटोतली आई हसू दाबते आहे, आणि मला वाटतं ती काहीतरी विचारते आहे.

अबोली अजून फुलते का, तेवढं कळवा. मला बोला, पण परकी करू नका.

तुमची,
मयूरी


बाजारकुणंग,
ता. ११ एप्रिल २०२५

चि. मयूरीस,
बाबाचे अ. उ. आ.

तुझं पत्र चार डाव वाचलं. पयल्यांदा तुझा राग आला, मग माझा आला. बाराव्याला मी कुनाशीच बोललो न्हाई ग. बोललो असतो तर रडलो असतो, आनि घरात पाव्हणे हुते. तू येत न्हाईस ते बेळगाव गोड लागलं म्हनून, असं मी धरून बसलो हुतो. दोघंबी येडे.

आता ऐक. तुझ्या आईनं मला शपथ घातली हुती, ती मी आज मोडतो. तिला ते चालंल, न्हाई चाललं तर वर गेल्यावर बोलनी खाईन.

मंगळवारी तू कामावर गेलीस. नर्सबाई मला म्हनाली, मावशीला घरी न्यायला हरकत न्हाई, सलाईन जीपमधी लावते. मी आत जाऊन तुझ्या आईला म्हटलं, चल, तुझी अबोली वाट बगत्या. तिनं मान हलवली. म्हनाली, दोन दिस ऱ्हाऊ दे. अबोली काय, दर वर्सी बगते. पोरगी रोज सांजंला डबा घेऊन येत्या, माझ्या उशाला बसून केस विंचरत्या. पाच वर्सांत ती मला एवढी कवा गावली न्हाई. घरी गेले की ती परत कामाला जानार. गुरुवारपतुर तिला माझ्याजवळ ऱ्हाऊ दे.

आनि म्हनाली, तिला सांगू नगो, न्हाईतर डबा ठेवून रडत बसंल, केस तसेच ऱ्हातील.

ती तुझ्यामुळं अडकली न्हाई, मयूरी. ती तुझ्यासाठी थांबली. जीप रिकामी हुती ती तिनंच रिकामी ठेवली. सोमवारी घर मागितलं हे खरं, मंगळवारी मन फिरलं हेबी खरं. मी कानानं ऐकलंय.

ते शेवटचे दोन दिस तुला मिळाले, मला दारात बसून दोघींकडं बगायला मिळालं. त्या फनीत तिचे केस अजून हायत. मी काढले न्हाईत.

सुशीलाला ताटाचं इचारलं न्हाई. एक बाई दोन घरांचं ताट धरत न्हाई, हे तू इसरलीस असं मी मानत न्हाई. स्नेहाला खुशाल पाठव, तिला चांगली पेज देऊ. पन महाबळेश्वरनं सांगितलंय, शेवटचं घर झाल्याबिगर मांडाची पेटी पुरी होत न्हाई, मग सील कुनीबी तोडू दे. हा आमचा नियम. तुमच्या कागदात न्हाई, पन हितं तोच चालतो.

अबोली फुलली हाय. पानी मीच घालतो, जरा जास्तच.

उंबरा हाय तिथंच हाय.

तुझा बाबा,
उमाजी


बेळगाव,
ता. १९ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
मयूरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र स्नेहाने वाचून दाखवलं. मला दुसऱ्या पानाच्या पुढे अक्षरं दिसेनात.

संमतीच्या कागदावर सही केली. फोटो परत पेटीवर लावा, त्याच चौकोनावर.

२९ तारखेला दुपारच्या गाडीने आम्ही दोघी कॅसलरॉकला उतरू. परशुरामकाकांना भाड्याची जीप घेऊन यायला सांगा. सील स्नेहा तोडेल, कागदावर ट्रस्टतर्फे तिची सही होईल, आणि त्या वेळी मी पेटीपासून लांब उभी राहीन. मॅडमना मी विचारलं की मग मी कोण म्हणून जायचं. त्या म्हणाल्या, ट्रस्टतर्फे तुला जाता येणार नाही, रजेचा अर्ज दे. अर्जात कारण लिहायची एक ओळ असते. मी लिहिलं, घरचं ताट धरायचं आहे.

फणी धुऊ नका, बाबा. ताटही परत घासू नका, ते मी घासेन. ढोल तेवढा तयार ठेवा. एकदा मांड घरांसाठी थांबला, आता आपल्या घरासाठी जरा वाजवा.

मी येते आहे.

तुमची,
मयूरी