बद्द आवाज

अमरावती, आश्विन वद्य पंचमी, शके १७८८

चिखलदऱ्याखालचे साग तपासून आज घरी आलो. कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर ठोकायचं आणि कान द्यायचा. या खेपेला जिथे ठोकलं तिथे बद्द आवाज. खोडं आतून पोकळ.

जंगलखात्याचे साहेब लांबून बघूनच खूश, म्हणाले जंगल हिरवंगार आहे. आहेच हिरवं. भरीव साग आम्हीच खुणा करून रेल्वेच्या रुळांखाली घालायला तोडून दिले, पोकळ तेवढे उभे ठेवले. आता बी पडेल ते कोणाचं? तो बद्द आवाज कानातून जात नाही.

संध्याकाळी बायको म्हणाली, "जेवाचं सोडून घराचा खांब काहून ठोकून राह्यले?"

माझं मलाच कळलं नव्हतं. पुन्हा ठोकला. खणखणीत वाजला.

खांब त्याच डोंगरातल्या सागाचा.