तोंडी परीक्षेत मोठ्या आवाजाला मिळालेले गुण

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
माध्यमिक शाळा.

विषय : इयत्ता नववीची इतिहासाची तोंडी परीक्षा दुसऱ्या परीक्षकासमोर पुन्हा घेण्याबाबत.
संदर्भ : आपल्याशी जिन्यात झालेले अर्धवट बोलणे.

महोदया,

१. मी शाळेचे गणवेश शिवते. सोमवारी एका विद्यार्थिनीच्या बाहीला टाचण्या लावत असताना ती पुटपुटली, "काकू, सगळं बरोबर सांगितलं हो. तरी वीसपैकी चार. वर सर म्हणतात, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?" हे सर म्हणजे माझे यजमान. ती ते विसरली नव्हती, म्हणूनच पुटपुटली. मला मात्र लख्ख ऐकू आले.

२. तोंडीत नापास म्हणजे वर्ष नापास, हा आपला नियम. वर्ष गेले तर शाळा बंद, हा तिच्या वडिलांचा. निकाल शनिवारी आहे.

३. मोठ्या आवाजाच्या एकाही मुलाला कमी गुण नाहीत. एकाने तर सनावळी आठवेना म्हणून सतराचा पाढा ठणठणीत म्हटला. त्याला एकोणीस, शेरा, 'आत्मविश्वास उत्तम'. मुलांनी मेख ओळखली आहे. शिक्षकांच्या खोलीतही ओळखली आहे. तिथे सगळे सरांशी ओरडून बोलतात आणि दोष पंख्याला देतात. आपण म्हणालात, "निवृत्ती जवळ आलीय, जाऊ द्या ना वहिनी." घरी दाराची घंटा वाजली की मीही झटकन उठते, त्यांच्यावर वेळ येऊ नये म्हणून. मिठाची गुळणी त्या पोरीने नाही, आपण सगळ्यांनी धरली आहे.

४. तरी विनंती की, फेरपरीक्षा शनिवारपूर्वी व्हावी व हळू बोलणाऱ्यांना उत्तर लिहून देण्याची मुभा असावी. सरांवर कारवाई नको. त्यांच्यासारखा इतिहास कुणी रंगवत नाही. शिकवावे त्यांनीच, गुण दुसऱ्याने द्यावेत.

५. हे कलम उरलेल्या जागेत दाटीवाटीने लिहीत आहे, क्षमस्व. अर्ज काल सरांना वाचून दाखवला. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "छान लिहिलंस." मग मी कागदच त्यांच्या हातात दिला. ते जेवले नाहीत. सकाळी कागद शिवणयंत्रावर ठेवलेला होता. तळाशी त्यांनी लिहिले आहे, ते तसेच ठेवले आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
गणवेश शिवणारी, इतिहासाच्या सरांची पत्नी
दिनांक : बुधवार

(सरांच्या अक्षरात)
अर्ज वाचला. परीक्षा पुन्हा घ्यावी, त्या मुलीची आधी. मला ऐकू येत नाही.