अंड्यांच्या ट्रेमधले टॅपेट

मी, खाली सही करणारा म्हातारा गॅरेजवाला, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या माझे ऑपरेशन आहे. भीती वाटते, हेही लिहून ठेवतो. तोंडाने सांगितले तर घरचे हसतात.

१. राहती खोली आणि बँकेत असेल ते बायकोचे. मी परत येतो की नाही हे कळेपर्यंत तिने माझी उशी कोणाला देऊ नये.

२. गॅरेज आणि हत्यारे मुलाची. माझ्या धाकट्या भावाने मागून नेलेला टॉर्क पाना हाच त्याचा वाटा समजावा. त्याने अजून काही मागितल्यास आधी तो पाना मागावा.

३. हे कलम नीट वाचावे. रुग्णवाहिकेचे इंजिन माझ्या टेबलावर उघडे आहे. त्याचे टॅपेट, म्हणजे झडपा उचलणारे छोटे दट्टे, मी अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने लावले होते, कारण प्रत्येक टॅपेट आपल्याच कॅमवर, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यावर, घासून झिजलेला असतो. तपासता तपासता मला भोवळ आली. मी पडून असताना बायकोने, चांगल्याच मनाने, सगळे एका बादलीत रॉकेलने धुतले, आता कोणता कुठल्या जागेचा ते कळत नाही. "भांड्यांसारखे लख्ख केलेत, आता तरी झोपा," म्हणाली. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

मुलगा म्हणतो, "बाबा, सगळे सारखेच तर दिसतात. परवा गाडी द्यायचीय, बसवून टाकतो."

सारखे नाहीत. तळाला पट्टी लावून उजेडासमोर धर. कडांशी उजेड दिसला तर तळ अजून फुगीर आहे. मधून दिसला तर खोलगट झाला. जागा बदलली की टॅपेट आणि कॅम एकमेकांना खातात. गाडी लगेच बंद पडणार नाही, त्याचीच धास्ती आहे. ती चढावर बंद पडेल, आत कोणाचा तरी श्वास अडकलेला असताना.

म्हणून गॅरेज एका अटीवर: नवा कॅमशाफ्ट आणि नवे टॅपेट आल्याशिवाय इंजिन जोडायचे नाही. बायकोला कोणी बोल लावू नये.

४. आता लक्षात आले की हा कागद मी मेल्यावरच उघडतील, आणि गाडी तर परवाच जाईल. म्हणून साक्षीला रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरलाच बोलावले आहे. त्याने वाचल्याशिवाय सही करू नये.

ठिकाण: गॅरेजच्या मागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी
सही: (म्हातारा गॅरेजवाला)

साक्षीदार: शेजारचा शिंपी. सही माझ्यासमोर केली.

साक्षीदार: रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. तिसरे कलम दोनदा वाचले. नवे सामान येईपर्यंत गाडी नेत नाही, तुमच्या मुलाला तसे सांगितले. काका, उद्या तुम्हाला टॅक्सीने नेतो.