नमुना तुझ्या नावाने

ती. दादास साष्टांग नमस्कार.

तुझी कंबर आता बरी असेल. वहिनी बोलतात ना? (बोलत नसतील तर कारण खाली येईलच.) आम्ही खुशाल, असं लिहिणार होतो, पण पुढचं वाचून तू म्हणशील, कसली खुशाली!

परगावचं लिफ्टचं काम संपवून आलो आणि आठवडाभरात लघवीला जळजळ सुरू झाली. उन्हाळ्यावर खापर फोडून तांब्यावर तांबे पाणी प्यायलो. त्यात इथलं नवं काम अकराव्या मजल्यावर, संडास तळाला, आणि लिफ्ट मीच दुरुस्तीला उघडून ठेवलेली! दिवसाला वीस खेपा झाल्यावर डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाहेर कुणाशी संबंध आला का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवून पुन्हा विचारलं, तेव्हा एकदाच, म्हणालो. एकदा आणि दहादा यांतला फरक जंतूंना कळत नाही, म्हणाल्या. मग लघवी तपासायला दिली. (लॅबच्या खिडकीत नेमकी बायकोची मैत्रीण! बाटलीवर माझं नाव कसं घालणार? ऐन वेळी दुसरं सुचेना, तुझं घातलं.) गनोरिया निघाला. इंजेक्शन झालं, गोळ्या चालू आहेत. पण बायकोलाही तपासून औषध द्यायला हवं, तिला त्रास नसला तरी. तोवर लांब राहा, अशी ताकीद आहे. चार दिवस पाठदुखीचं निमित्त करून बाहेरच्या खोलीत झोपतोय. ती रोज पाठ शेकून देते. फार लाज वाटते रे.

तुझा धाकटा

ता. क. नावाबरोबर फोन नंबरही तुझाच दिला होता. रिपोर्ट तिकडेही गेला असेल, आणि तुझा फोन वहिनीच बघतात. माफ कर.

ता. क. खरं काम हे, की रविवारी ये. मी तिला सांगेन, तू नुसता शेजारी बस. किंवा तू सांग, मी बसतो.

ता. क. भाऊजी, हे अक्षर माझं, तुमच्या भावजयीचं. पत्र टाकायला माझ्याच हातात दिलंय, तेही पाकीट न चिकटवता. वहिनींना आत्ताच फोन केला, तुम्हाला घरात घेतील. डॉक्टरांकडे उद्या माझी मी जाते. तुम्ही मात्र रविवारी येऊ नका. यांनी मला एकट्याने सांगायचं आहे. तोवर मला काहीही माहीत नाही.